नंबर लावून देणारे कासममियाँ

कासममियाँच्या एसटीडी बूथमध्ये गिऱ्हाइकाने फोनच्या बटणांना हात लावायचा नाही, असा नियम होता. नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि बाकावर बसायचं. नंबर मियाँ लावणार. पलीकडून कुणीतरी 'हॅलो' म्हणेपर्यंत रिसिव्हर मियाँच्याच कानाला. मग ते काचेच्या केबिनकडे बोट करून म्हणत, "जा. आत माणूस हाय."

चिठ्ठीवरचा इंग्रजी एक आणि सात सारखा दिसला तर चिठ्ठी परत. "साताला कमरपट्टा बांधा." म्हणजे पोटात आडवी रेघ. मी शाळेत मराठी शिकवतो, माझं अक्षर सुंदर असल्याचं शिक्षणाधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहिलेलं आहे, तरी पहिल्या दिवशी माझी चिठ्ठी दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मी साताला असा पट्टा बांधला की कागद फाटला. मियाँ म्हणाले, "आता दिसला."

माझी बदली रत्नागिरीला झाली होती आणि बायको राजापुरात, माहेरी. त्यामुळे रोज संध्याकाळी मी त्या बाकावर. मियाँ आधी फोनवर माझ्या सासऱ्यांची चौकशी करत. गुडघा कसा आहे, काजूला मोहर आला का. मीटर पळत असे आणि माझा तिळपापड होत असे. बिल देताना मात्र ते न चुकता म्हणत, "माझी चाळीस सेकंदं वजा." एकदा चुकीचा नंबर लागून फोन सांगलीच्या कुणा हळदवाल्याकडे गेला. मियाँनी त्याची इतकी माफी मागितली की दोघांची दोस्ती झाली. पुढे दर ईदेला त्याचा फोन येई.

दोन हजार तीन-चारचा सुमार. एसटी स्टँडपाशी नाणी टाकून स्वतः लावायचे फोन आले आणि मियाँचा बाक रिकामा पडू लागला. नाणी टाकत राहिलं तर त्यावर मुंबईही लागे. मला सल्ला द्यायची खोड आहे. "मियाँ, तुम्हीही एक पेटी बसवा. सेल्फ सर्व्हिस. तुम्ही नुसतं बसायचं." कंपनीचा फॉर्म मी आणला, मीच भरला. अनामत रक्कम म्हणून मियाँनी घराची कौलं बदलायला ठेवलेले पैसे भरले. करारात एक कलम होतं, पेटीत महिन्याला ठरलेली रक्कम जमली नाही तर उरलेली दुकानदाराने घालायची. ते मी वाचलं होतं, आणि त्यात काय मोठंसं, असं म्हणालोही होतो.

पेटी आली आणि मियाँची बसायची सोय गेली. नवी नाणी पेटीला चालत नसत, म्हणून दिवसभर लोकांना जुनी नाणी काढून द्यायची. कॉलेजच्या पोरांनी नाण्यांऐवजी घातलेले वायसर हेअरपिनने उपसायचे. नाणं गिळलं की लोक पेटीला बुक्के मारत आणि मियाँना शिव्या देत. "मास्तर," ते म्हणाले, "पूर्वी मी गिऱ्हाइकाचं काम करायचो. आता गिऱ्हाईक आपलं काम आपणच करतंय आणि मी मशीनचं."

मध्ये मियाँ भाचीच्या लग्नाला म्हणून चार दिवस मुंबईला जाऊन आले. मग एका संध्याकाळी जाऊन पाहतो तर एका हातात पेटीचा रिसिव्हर, दुसऱ्या हातात टेबलावरच्या फोनचा, आणि मियाँ मध्ये ताणलेले. पेटीत रक्कम कमी पडत होती म्हणून ते स्वतःच नाणी टाकून स्वतःलाच फोन करत होते.

"कुणाशी बोलताय?"

"माझ्याशीच. बरा माणूस हाय."

मी हसलो खरा. पण कौलांचे पैसे माझ्या शब्दावर गेले होते.

त्यातून मला एक गोष्ट कळली आणि माझं टाळकं सरकलं. दर शनिवारी, म्हणजे आठवडा बाजाराच्या दिवशी, खेड्यांतून माणसं येतात, फोनला रांग लागते, त्याच दिवशी पेटीवर पुठ्ठा लटकलेला असे : 'नादुरुस्त'. रविवारी पेटी ठणठणीत. कंपनीचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, बिघाड सापडला नाही, यायचे पैसे मात्र त्याने दोन्ही वेळा घेतले. मग नोटीस आली. येत्या शनिवारी कंपनीचा साहेब स्वतः येणार, आणि दुकानदार मुद्दाम पेटी बंद ठेवतो असं दिसलं तर पेटी परत, अनामत जप्त.

"मियाँ, या शनिवारी पुठ्ठा लावू नका," मी बजावलं.

"बघू," म्हणाले. मियाँच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता, हे मला तोवर कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी धावत गेलो. साहेब आलेला होता, हातात वही, आणि पेटीवर पुठ्ठा. बाकावर पार्वतीमावशी बसल्या होत्या. या मावशी आतल्या गावातून कोकमं आणि भाजी घेऊन बाजाराला येत. माल विकला की दुपारच्या गाडीआधी मुंबईतल्या मुलाला, अनंताला, फोन. त्याच्या चाळीखालच्या वाण्याचा नंबर त्यांच्याकडे होता, पुढे पी.पी. लिहिलेला. म्हणजे फोन वाण्याचा, आणि वाणी अनंताला हाक मारणार.

"काय बिघडलंय?" साहेब विचारत होता.

"तसं सांगता नाय येत," मियाँ म्हणाले.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो, पुठ्ठा ओढून काढला, नाणं टाकलं आणि शाळेचा नंबर फिरवला. शिपायाने उचलला. "बघा साहेब, चालू आहे," मी विजयी मुद्रेने म्हणालो. अनामत वाचवायच्या नादात मी मियाँना तोंडघशी पाडलं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नाही. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं.

"चालू झालं गो बाय," पार्वतीमावशी उठल्या. "मास्तर, यातच लावून द्या. स्वस्त पडतंय म्हणत्यात."

"मावशी, तुमचा मी लावतंय," मियाँ इतक्या घाईने म्हणाले की मी वळून पाहिलं. मियाँना मी कधी घाईत पाहिलं नव्हतं.

"लावू द्या ना यांना," साहेब म्हणाला. "मशीन त्यासाठीच आहे."

मावशींनी कनवटीची चिठ्ठी माझ्या हातात दिली. सगळ्या सातांना कमरपट्टे होते. मी नाणं टाकून आकडे दाबत गेलो. मियाँ टेबलाची कड धरून माझ्याकडे बघत होते. पलीकडे खरखर झाली आणि एक बाई गोड आवाजात बोलू लागली. हा क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया तपासून पाहा. मग तेच हिंदीत. मी चिठ्ठीवरचा आकडा न् आकडा ताडून पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

"उचलला?" मावशींनी विचारलं आणि रिसिव्हरसाठी हात पुढे केला.

शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करतो. मी रिसिव्हर पटकन जागेवर ठेवला. नाणं खणकन खाली आलं.

"एंगेज आहे," मी म्हणालो.

"हां," मावशी म्हणाल्या. "मियाँ पन तसंच सांगत्यात. सारखा बोलत असतोय तो वानी. दुकान बरं चाललंय म्हनायचं." नाणं उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "बरं झालं तुम्ही लावलात. मला आपलं वाटायचं, मियाँचं वय झालं, नंबर नीट लागत नसंल. आता तुमीच सांगताय म्हंजे खरंच एंगेज." टोपली उचलून त्या गाडी गाठायला गेल्या. जाताना मियाँसाठी दोन मुठी कोकमं टेबलावर ठेवली.

साहेबाने वही मिटली. पेटीत दोष नाही, दोष दुकानदाराचा, असं स्पष्ट सांगून तोही गेला. पुढच्या आठवड्यात पेटी गेली आणि अनामतही. त्या पावसाळ्यात मियाँच्या घरी कौलांखाली पातेली मांडावी लागली. पण हे नंतरचं. त्या क्षणी मी बाकावर बसलो होतो आणि मियाँकडे बघायची मला लाज वाटत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीपास्नं. पोरगा गणपतीला आला नाय, तेव्हापास्नं." मियाँ खुर्चीत बसले. "मी मुंबईला भाचीच्या लग्नाला गेलो होतो ना? भाचीचं लगीन होऊन सहा वर्षं झाली, मास्तर. मी अनंताच्या पत्त्यावर गेलो होतो. वाणी नाय, चाळ नाय. मोठा खड्डा खणलाय, टॉवर होणार म्हणत्यात. माणसं कुठं गेली, कुणाला ठाव नाय. दोन दिवस फिरलो."

"मग मावशींना सांगायला हवं, मियाँ."

"हां. दर शनवारी ठरवतंय, आणि पुठ्ठा लावतंय."

त्यांनी टेबलावरचा फोन ओढला, चिठ्ठीशिवाय तो नंबर लावला आणि रिसिव्हर माझ्यापुढे धरला. त्यांनी आपल्या हाताने असा रिसिव्हर कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता. आतून तोच गोड आवाज येत होता. मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी.

"ऐका," मियाँ म्हणाले. "ती बाई तीन-तीन भाषांत सांगतेय. माझ्याच्यानं एका भाषेत होत नाय."