सूर धरणारी गाठ

रामलिंग गुरवांच्या वरच्या ओठावर वाटाण्याएवढी गाठ आली होती आणि ती पेटीवरच्या काळी दोनमध्ये सूर धरायची.

देवळातल्या सनईला सोबत लागते. एकाने राग वाजवायचा, दुसऱ्याने एकच सूर शेवटपर्यंत धरून ठेवायचा. गुरवांचा धाकटा भाऊ मल्लू तीस वर्षं तेवढंच करत आला. वैशाखात तो गेला आणि श्रावणात गाठ कामावर रुजू झाली. गावात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पुजारी आरतीनंतर पूर्वीसारखे दोन नारळ देऊ लागले.

पण गाठ वाढत गेली. सनईची पत्ती ओठांत बसेना. त्यात गुरवांच्या मनाने कॅन्सरचा धसका घेतला आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर पाटणकरबाईंनी गाठ चाचपली आणि पेटी मागवली.

"पाण्याची गाठ असेल तर सूर हलतो. चरबीची असेल तर घोगरा लागतो," त्या म्हणाल्या आणि काळी दोन दाबली.

गाठ चोख जुळली.

"मज्जातंतूच्या आवरणाची दिसते. ओठावर फार क्वचित येते. बहुधा निरुपद्रवी, पण पूर्ण काढून तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही."

"काढल्यावर सूर कोण धरायचं, बाई?"

"नाही काढली तर सनई कोण वाजवणार?"

गुरवांना रडू येत होतं, पण ओठ आवळता येत नव्हता.

परिचारिकेने दोन संमतिपत्रं पुढे केली, एक त्यांचं आणि एक गाठीचं. गाठीला सही येत नसल्याने तिच्या वतीने नातेवाइकाची लागणार होती. 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी गुरव बराच वेळ थांबले. मग त्यांनी लिहिलं, 'थोरला भाऊ'.

आठवड्याने अहवाल आला. मज्जातंतूच्या आवरणाची गाठ. कर्करोग नाही. स्वर काळी दोन. नातेवाइकाच्या ताब्यात देण्यास हरकत नाही.

ओठावरची जखम भरून आल्यावर गुरवांनी नगारखान्यात मल्लूच्या जागी घोंगडी अंथरली, तिच्यावर औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या गाठीची बाटली ठेवली आणि भूप सुरू केला. बाटलीने सूर धरला. पाण्यामुळे तो जरासा उतरला होता. गुरवांनी पत्ती किंचित बाहेर ओढून जुळवून घेतलं.

थंडीत मल्लूचाही उतरायचा.