डॉक्टर इंगोलेंची चालणारी गाडी

आमचे शेजारी डॉक्टर इंगोले रिमोटच्या गाडीला स्टेथोस्कोप लावतात. हे ऐकीव सांगत नाही, रोज बघतो. गाडी अंगणात फिरून आली की ते उकिडवे बसतात, तिच्या मोटरला हाताची मागची बाजू लावून पाहतात, मग स्टेथोस्कोप टेकवून डोळे मिटतात. "ताप नाही. पण थोडी घरघर हाय," असं म्हणून स्क्रूड्रायव्हर उचलतात.

डॉक्टर ढोरांचे. रिसोडपासून मंगरूळपीरपर्यंत गावोगावच्या म्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर हा नाद लागला. त्यांच्यासमोर 'खेळणं' म्हणायची सोय नाही. "खेळणं तुह्या दुकानात भेटते, गजू. हे मशीन हाय." माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि तिथं फुगे, चेंडूही मिळतात, हे खरं. डॉक्टरांची पार्सलंही तिथंच येतात, म्हणून या गाडीचा सगळा इतिहास मला पाठ आहे.

गाडी निवडण्यातच त्यांचा अख्खा उन्हाळा गेला. मी म्हणालो, तयार घ्या, पेटीतून काढली की सुरू. डॉक्टरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तयार गाडी म्हंजे बाजारातून आणलेली गाय. दुखणं कुठं हाय, आपल्याले काय माईत? सुटे भाग आणू, हातानं जोडू. एकेक हाड ओळखीचं पाह्यजे."

पेट्रोलवरची गाडी आवाज फार करते म्हणून बाद झाली. बॅटरीवरची ठरली. पण कोणती? मोबाइलवरच्या व्हिडिओत या गाड्या धुरळा उडवत सुसाट पळतात, हवेत कोलांट्या मारतात. अशीच एक मी दाखवली.

"पळणारी कायले? मले चालणारी पाह्यजे."

शेवटी दगडगोट्यांवरून संथ चढणारी, उंच चाकांची गाडी आली. ती जोडून झाली आणि तिची तब्येत सुधारायची मोहीम निघाली. प्लास्टिकचे गिअर काढून लोखंडी बसवले. मोटरच्या टोकाचं दातेरी चाक आणखी लहान घातलं, म्हणजे ताकद वाढली आणि होता तोही वेग गेला. जगभरचे हौशी लोक गाडी जोरात पळावी म्हणून जीव टाकतात, आमचे डॉक्टर ती आणखी हळू व्हावी म्हणून. शॉकअपमध्ये आधी पातळ तेल भरलं, मग घट्ट, मग दोन्ही मिसळून, सिरिंजनं, डोस मोजून. परीक्षा एकच. टपावर पाण्यानं भरलेला पेला ठेवून गाडी ओट्याच्या पायऱ्या उतरवायची. थेंबभर पाणी सांडलं तरी "तब्बेत पाहू आधी" म्हणत ती पुन्हा खोलायची.

गल्लीची फुकट करमणूक होत होती. मीही विचारलं, "डॉक्टर, एवढ्या हळू चालीनं ही जाईल कुठं?"

"जाईन ना बाप्पा," एवढंच म्हणाले.

घरात सुमनकाकू होत्या, डॉक्टरांच्या पत्नी. गल्लीतल्या कुठल्याही लग्नात हळदीपासून पंगतीपर्यंत पुढे असणारी ही बाई. अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग गेलं, तोंड जरा वाकडं झालं, आणि काकूंनी माणसांना भेटणंच सोडलं. कोणी आलं की डॉक्टर दारातूनच सांगत, "झोपली हाय." काकू जाग्या असत. कोणाला येऊ देऊ नका, असं त्यांनीच बजावलं होतं.

एका सकाळी पार्सलमधून मोबाइल धरायची पकड आली. डॉक्टरांनी ती टपावर बसवली, तीत आपला फोन अडकवला आणि काकूंच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी त्यांच्याकडचा कॅमेरा बंद ठेवला होता. त्यांना सगळं दिसणार, त्या कोणाला दिसणार नाहीत. गाडी फाटकाबाहेर पडली, मागून रिमोट घेऊन डॉक्टर.

"चित्र हाललं की तिले गरगरते," ते मला हळूच म्हणाले.

गाडी दुकानासमोर थांबली. फोनमधून अडखळत आवाज आला, "गजू... दुकानाले रंग कधी देल्ला?"

मी कमरेत वाकून, गाडीला हात जोडून उत्तर दिलं. गिऱ्हाईक बघतच राहिलं. मग मीही दुकान तसंच सोडून त्यांच्यामागे निघालो.

गल्लीच्या टोकाला जुबेदाआपा राहतात. गोधड्या शिवतात. काकूंची जुनी मैत्रीण, पण दारातून दोनदा परत आल्यावर त्यांनीही जाणं सोडलं होतं. गाडीतून हाक आली तशा त्या गुडघे धरत उंबऱ्यावर बसल्या.

"सुमन? तू हाय का यात?"

"हो."

"इतकी नाराज होती माह्यावर?"

मग आवाज आला, "तोंड वाकडं झालं वं माहं."

"मंग? माहे दात तरी कुठं राह्यले?" म्हणत आपांनी कॅमेऱ्यासमोर बोळकं तोंड उघडून दाखवलं.

फोनमधून हसू फुटलं. आधी खोकल्यासारखं, मग चांगलं मोकळं. आपाही हसत सुटल्या. डॉक्टरांनी तोंड फिरवलं आणि शेजारच्या भिंतीवरची जुनी जाहिरात बारकाईनं वाचू लागले.

दोघींचं बोलणं पुष्कळ चाललं. निघायची वेळ आली तेव्हा काकू म्हणाल्या, "अजी, गाडी जरा तुमच्याकडं फिरवा."

"काहून? काही बिघडलं का?"

"नाही. साऱ्यायले पाह्यलं. आता तुमाले पाहू द्या."

"मी तं रोजचाच हाये."

"कुठं रोजचे? गोळ्या देता अन् अंगणात निंघून जाता. माह्याकडं पाहतच नाही तुमी."

डॉक्टरांनी गाडी सावकाश वळवली, रिमोट बाजूला ठेवला आणि भर रस्त्यात मांडी घालून तिच्यासमोर बसले. नजर मात्र टायरवरच.

"वर पाहा," फोन म्हणाला.

त्यांनी मान वर केली. काळ्या पडद्यावर उजेड झाला. काकूंनी कॅमेरा लावला होता.

जुबेदाआपांनी मला खुणेनं घरात बोलावलं. मी आत गेलो, आणि आपांनी दार हळूच लोटून घेतलं.