निकासिओच्या ऑइलमधली चांदी

"इंजिनचं ऑइल बदलायला मिस्त्री लागतो? मग उद्यापासून भांग पाडायलाही न्हावी बोलवा!"

रविवारी सकाळी बाराओना गावातल्या आपल्या गल्लीत उभं राहून निकासिओने ही घोषणा केली. अंगात चौदा नंबरचं जॅकेट. चौदा नंबर म्हणजे साधी गोष्ट नाही राव! बाजाराच्या कोपऱ्यावर मोटारसायकल-टॅक्सीचा थांबा आहे, तिथल्या वीस गड्यांतला हा चौदावा. आंघोळ सोडली तर जॅकेट अंगावरून उतरत नाही.

पण सध्या त्या जॅकेटवर संकट होतं. गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन जाताना गाडी बंद पडली. ती पण कुठे, तर उसाच्या ट्रकच्या बरोब्बर पुढे! सासूबाई वाचल्या, निकासिओ नाही वाचला. त्याच्या बायकोने, याहायराने, अट घातली: "अजून एकदा गाडी बिघडू दे. मग ती विकायची आणि माझ्या भावाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं."

भाऊ म्हणजे रादामेस. किराणावाला. पौंडभर तांदळावर अर्धा तास उपदेश फुकट देणारा माणूस. त्याच्या हाताखाली? त्यापेक्षा तो उसाचा ट्रक परवडला!

"बिघडू देतो का मी!" निकासिओ म्हणाला. बायको आणि सासू चर्चला गेल्या आणि हा कामाला लागला. मोबाईलवर तीन व्हिडिओ बघितले होते. दोन पूर्ण आणि एक जाहिरातीपर्यंत.

खालचा बोल्ट सैल केला आणि लक्षात आलं, ऑइल धरायला भांडंच नाही! स्वयंपाकघराच्या भिंतीवर सासूबाईंचं भाताचं पातेलं लटकत होतं. जाड, अ‍ॅल्युमिनियमचं, रुंद. जणू देवाने ऑइल धरायलाच घडवलेलं! त्या येईपर्यंत धुऊन टांगू, हाय काय आणि नाय काय.

काळं ऑइल पातेल्यात पडलं. उन्हात निकासिओने आत डोकावलं आणि तिथेच उकिडवा बसला.

ऑइल चमचम करत होतं. लग्नातल्या करवलीच्या गालासारखं!

"मेलास!" शेजारून विल्किन ओरडला. विल्किन थांब्यावरचा नंबर नऊ, आणि मरण कुणाचंही असो, बातमी द्यायला हा पहिला. "धातूचा चुरा आहे हा. इंजिन स्वतःलाच खातंय, भावा!"

"तुझी जीभ खातेय तुला! गप बस!"

पण बातमी थांब्यावर गेली. दहा मिनिटांत डॉमिनोचा डाव अर्धा टाकून सात जण पातेल्याभोवती जमले. एकाने बोट बुडवलं, दुसऱ्याने वास घेतला. एक जण चाखायलाच निघाला होता, त्याला मागे ओढला.

"क्लच गेला."

"छे छे, क्रँक!"

"गाडी जुनी आहे, म्हातारपण म्हणायचं."

शेवटी तुलिओ मिस्त्री आले. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. बोलतात कमी, खाकरतात जास्त. त्यांनी फ्रिजच्या दारावरचा चुंबकवाला पोपट मागवला आणि ऑइलमध्ये फिरवला. पोपटाला बारीक काळी मिशी फुटली!

"चिकटलं ते लोखंड. म्हणजे गिअर," मिस्त्री म्हणाले. मग खाली राहिलेली चंदेरी भुकटी बोटावर चोळली. "चिकटलं नाही ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे पिस्टन."

"म्हणजे दोन्ही?" निकासिओचा आवाज चिरकला.

"चाळीस वर्षांत एकाच वेळी एवढं गेलेलं बघितलं नाही. उघडावं लागेल. सोमवारी आण."

सोमवारी! म्हणजे याहायराला कळणार. म्हणजे रादामेस.

"नाही आणणार!" निकासिओ उसळला. "पोपटाने सांगितलं म्हणून माझी गाडी मरत नाही! मीच उघडतो, आणि आत्ता उघडतो!"

मिस्त्री खाकरले आणि निघून गेले.

पलंगावरची चादर अंगणात आली. तासाभरात इंजिन त्या चादरीवर होतं. एका जागी नाही, एकशे बारा जागी! निकासिओने एकेक भाग डोळ्याला लावून बघितला. गिअरचे दात एखाद्या सिनेनटासारखे. पिस्टनवर ओरखडा नाही. चुरा आला कुठून मग?

भाग धुवायला म्हणून त्याने पातेलं ओतून फडक्याने पुसलं आणि डब्यातलं नवंकोरं ऑइल त्यात ओतलं.

ते पण चमकलं!

निकासिओ बघतच राहिला. मग उडाला तो हातभर. "सापडला! सापडला चोर! ऑइलच भेसळीचं आहे! आणि ऑइल कुणाच्या दुकानातलं? रादामेसच्या!"

पातेलं दोन्ही हातांत धरून, मागे सात जणांची वरात घेऊन तो दुकानावर धडकला. चर्च नुकतंच सुटलेलं, दुकान भरलेलं. त्याने पातेलं काउंटरवर आदळलं.

"लोकहो, बघा! हा माणूस ऑइलमध्ये लोखंड घालून विकतो! मेव्हण्याची गाडी मारून त्याला नोकर करायचा डाव आहे हा!"

रादामेस शांत. शेल्फवरून तसाच डबा काढला, फोडला, काचेच्या ग्लासात ओतला आणि उजेडात धरला. स्वच्छ! मधासारखं!

"आता?" रादामेस म्हणाला.

"हा... हा डबा दाखवायचा आहे! विकायचे वेगळे असतात!"

तेवढ्यात गर्दी दुभंगली. एनेइदाबाई. सासूबाई! हातात प्रार्थनेचं पुस्तक, मागे याहायरा. त्यांची नजर काउंटरवर गेली.

"हे पातेलं माझं आहे."

निकासिओने पातेल्यावरचे हात काढले.

"आई, ते मी..."

"धुतलंस का आधी?"

"आधी? इंजिनचं ऑइल काढायला कोण पातेलं धुतं, आई?"

"अरे गाढवा! आमच्याकडे भिंतीवरचं पातेलं आरशासारखं चमकावं लागतं. नाहीतर घरात आळशी बाई आहे म्हणतात. रोज रात्री टांगण्याआधी मी ते तारेच्या घासणीने आतून-बाहेरून कोरडंच घासते. जोर लावून! चुरा आत लागून राहतो. भात लावण्याआधी धुऊन टाकते." त्यांनी बोट बुडवून सगळ्यांना दाखवलं. बोट चमचम! "हे तुझं इंजिन नाही. ही माझ्या दंडांतली ताकद आहे."

पोपटाला चिकटलं ते घासणीचं लोखंड. चिकटलं नाही ते पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियम. गल्ली हसून हसून पोत्यांवर पडली. विल्किन तर कांद्यांत!

पण निकासिओ? निकासिओची छाती दोन इंच फुगली.

"म्हणजे गाडी बिघडलेली नाही! ऐकलंत ना सगळ्यांनी? मी म्हणत होतो की नाही? याहायरा, अट संपली!"

"छान," याहायरा म्हणाली. "मग आईला घरी सोड गाडीवरून."

निकासिओने जॅकेटची चेन वर ओढली.

"गाडी... जरा पसरलेली आहे."

"बिघडली?"

"बिघडली नाही! उघडली! दोन्हींत फरक आहे!"

तुलिओ मिस्त्रींनी संध्याकाळी चादरीची चार टोकं उचलून बघितली, खाकरले आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये." एका आठवड्यात माणसाला खायला तर लागतंच.

तर सोमवारपासून निकासिओ रादामेसच्या दुकानात असतो. पण लक्षात घ्या, काउंटरमागे नाही! काउंटरच्या पुढे, गिऱ्हाइकांच्या बाजूला, अंगात चौदा नंबरचं जॅकेट. तिथून तो पोटावर आडवा होऊन पलीकडच्या पोत्यात हात घालतो, तांदूळ काढतो आणि तराजूवर टाकतो.

"अरे, निदान आत तरी ये," रादामेस म्हणतो. "कंबर मोडेल."

"अजिबात नाही! मी इथे कामाला नाही!" निकासिओ उलटा लटकूनच ओरडतो. "बोला बाई, एक पौंड की दोन?"