दुसरीकडे उघडलेलं मशीन

"चिठ्ठीच पाहिजे ना तुला? एक सोडून चार आणतो," असं फोनवर मुलीला ठणकावून सांगून मिस्त्री जमिनीवर सांडलेले स्क्रू गोळा करायला बसले.

ते स्क्रू सांडले नसते तर हे बोलणंच झालं नसतं. मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करत. एका खोलीचं दुकान, एकतीस वर्षांचं. सकाळी कपभर चहा पोटात टाकून आठला दुकान उघडायचं, दुपारी आठवलं तर काहीतरी खायचं, असं त्यांचं आठ महिने चाललं होतं. त्या सकाळी मुलीशी बोलता बोलता ते स्टुलावरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि स्क्रूच्या ताटासकट ते खाली आले.

"काय पडलं, बाबा?"

"ताट."

"आणि तुम्ही?"

"मी ताट उचलायला खाली आलोय."

"पडल्याचा आवाज दोनदा आला."

मुलगी आईवर गेली होती. तिने फार वाद घातला नाही. रविवारी येते म्हणाली. तोपर्यंत आपल्या डॉक्टरांकडे जायचं, आणि हा माणूस एकटा राहू शकतो, दुकान चालवू शकतो, अशी चिठ्ठी आणून ठेवायची. चिठ्ठी नसेल तर दुकानाला कुलूप, आणि बाबांनी तिच्या घरी चलायचं.

"मी दोन रिकाम्या बॅगा घेऊनच येणार आहे," ती म्हणाली.

त्यावर मिस्त्रींनी चार चिठ्ठ्यांची बढाई मारली. पण ती 'आपल्या डॉक्टरांकडे' म्हणाली होती, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

आपले डॉक्टर म्हणजे गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेले. सव्वीस वर्षं घरातलं दुखणंखुपणं त्यांच्याकडेच जायचं. काय होतंय, कधीपासून होतंय हे सगळं बायको सांगायची. मिस्त्रींनी फक्त जीभ बाहेर काढायची. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली. चौथ्या दिवशी मिस्त्री त्या दवाखान्यात गेले आणि नंबर घेऊन बसलेल्या माणसांदेखत डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्यामुळे गेली ती."

डॉक्टर उभे राहिले. काही बोलले नाहीत. बाकावरची माणसं आपापल्या चपला बघत बसली.

त्या दिवसापासून मिस्त्री घरी जाताना मागच्या रस्त्याने जात. दहा मिनिटं जास्त लागत आणि वाटेत एक कुत्रं रोज अंगावर येई. त्या कुत्र्याशी निदान नजर मिळवता येत होती.

तेव्हा ते डॉक्टर सोडून बाकी जगातल्या कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी आणायची, असं मिस्त्रींनी ठरवलं. अडचण एकच होती, आणि ती त्यांच्याच दुकानात भिंतीवर टांगलेली होती. लाल रंगात, स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी:

'दुसरीकडे उघडलेलं मशीन घेतलं जाणार नाही.'

याबाबतीत मिस्त्री कुणाचं ऐकत नसत. स्क्रूचं डोकं बघून ते सांगत की याला परका हात लागलाय. गिऱ्हाईक शपथा घेई. मिस्त्री मशीनला फडकं गुंडाळून परत देत. "ज्याने उघडलंय त्याच्याकडेच न्या. त्याने काय केलंय ते मला काय स्वप्नात दिसणार?" अशी कित्येक मशीनं त्यांनी दारातून परत पाठवली होती. समोरच्या लेडीज टेलरने स्वतःच्या मेव्हण्याचं मशीन आणलं, तेही पाठवलं.

आता जगातल्या प्रत्येक कारागिराच्या मनात अशी एक पाटी असणारच, याबद्दल मिस्त्रींना शंका नव्हती. डॉक्टर म्हणजे तरी दुसरं काय?

म्हणून सोमवारी काचेच्या दाराच्या नव्या दवाखान्यात पहिल्या डॉक्टरने विचारलं, "आधी कुठे दाखवत होता?" तेव्हा मिस्त्री म्हणाले, "कुठेच नाही. पहिल्यांदा तुमच्याकडेच."

हे खोटं बोलत असतानाच त्यांच्या दंडावर प्रेशर मोजायचा पट्टा आवळला जात होता. डॉक्टरने आकडा बघितला, मिस्त्रींकडे बघितलं आणि गुलाबी गोळी लिहून दिली.

"आणि चिठ्ठी?"

"पंधरा दिवस गोळी घ्या. मग बघू."

पंधरा दिवस! तोवर बॅगा भरूनही झाल्या असत्या. मंगळवारी मिस्त्री पुलापलीकडच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

"काही औषधं चालू आहेत?"

"आयुष्यात गोळी घेतलेली नाही." सकाळची गुलाबी गोळी तेव्हा पोटातच होती. प्रेशर सोमवारपेक्षा जास्त निघालं. पांढरी गोळी मिळाली. चिठ्ठी नाही.

बुधवारी मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीण होती. तिने मन लावून विचारपूस केली, आणि तिथेच मिस्त्रींची खरी पंचाईत झाली.

"ऑपरेशन झालंय कधी?"

"अपेंडिक्सचं."

"कुठल्या साली?"

कुठल्या साली म्हणून मिस्त्री सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळले आणि विचारायला तोंड उघडलं. खुर्चीवर त्यांचीच पिशवी होती.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

तेही बायकोलाच ठाऊक होतं. "नसावा," मिस्त्री म्हणाले. पट्टा आवळला गेला. आकडा आणखी वर गेला होता. पिवळी गोळी.

गुरुवारी त्यांना दुकानाची फरशी तिरकी दिसायला लागली. ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्याने चक्कर थांबायची गोळी दिली, तिची अर्धी बाजू निळी होती. त्याच्यासाठीही अर्थातच मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टर बघत होते.

चारही रंगांच्या गोळ्या मिस्त्रींनी बॉबिनच्या डब्यात खण करून ठेवल्या आणि वेळच्या वेळी सगळ्या घेतल्या. आणलेलं तेल वाया घालवायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त.

शुक्रवारी सकाळी समोरचा टेलर हाका मारत आला. त्याचं मशीन टाके सोडत होतं. मिस्त्री त्याच्या दुकानात जाऊन खाली वाकले, शटल साफ केलं, सुई बदलली. "घ्या, चालवा," म्हणत ते ताठ उभे राहिले. आणि मग ताठ राहिले नाहीत.

आधाराला म्हणून त्यांनी जे धरलं तो ब्लाऊज घातलेला पुतळा होता. दोघंही कटिंगच्या टेबलावर आणि तिथून चिंध्यांच्या ढिगात गेले. माप द्यायला आलेल्या बाई बाहेर पळाल्या आणि आत एक माणूस आणि एक बाई बेशुद्ध पडलेत असं त्यांनी गल्लीभर केलं. पाच मिनिटांत बाईला बघायला बारा माणसं जमली. पुतळा निघाल्यावर त्यातली सात गेली.

उरलेल्यांनी मिस्त्रींना टेलरच्या चाकं असलेल्या खुर्चीवर बसवलं, कापडाच्या पट्टीने पोटाशी बांधलं आणि ढकलायला सुरुवात केली.

मिस्त्रींना गल्लीच्या मध्यावर शुद्ध आली. त्यांनी एक डोळा किलकिला केला. समोर, गल्लीच्या टोकाला, ओळखीची हिरवी दारं दिसली. त्यांनी डोळा मिटून घेतला आणि पुन्हा बेशुद्ध व्हायचा मनापासून प्रयत्न केला. मागच्या रस्त्याने रोज दहा मिनिटं जास्त चालून जे टाळलं, तिथे त्यांची वरात निघाली होती, कमरेला फुलाफुलांचं कापड बांधून.

बाकावर नंबरवाली माणसं होतीच. मिस्त्रींना ती दिसत नव्हती, पण तीच असणार.

"आत घ्या," डॉक्टरांचा आवाज आला. आठ महिन्यांत आवाज तसाच राहिला होता. मनगटावर बोटं टेकली. पट्टा आवळला गेला.

"फारच कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "काय औषधं घेतात हे?"

"काही नाही," टेलर म्हणाला. "ठणठणीत आहे म्हणतात. कालच म्हणाले."

डॉक्टरांनी टेलरकडे एकदा बघितलं. कंपाउंडर बाईंना त्यांनी पाय उंच करायला उशी द्यायला सांगितली. मग खाली वाकून हळू म्हणाले, "मिस्त्री, डोळे मिटलेलेच राहू द्या हवं तर. पण गोळ्या कुठे ठेवल्यात तेवढं सांगा."

काय करावं ते मिस्त्रींना कळेना. बेशुद्ध माणसाने उत्तर द्यायचं म्हणजे पंचाईत.

"बॉबिनच्या डब्यात," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "वरच्या फळीवर."

टेलर धावत जाऊन डबा घेऊन आला. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली आणि चष्मा वर करून एकेक वाचलं.

"ही गुलाबी कुणाची?"

"काचेच्या दारवाल्याची."

"पांढरी? पिवळी?"

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. डोळे मिटलेले असल्यामुळे खरं बोलणं सोपं जात होतं.

"या तिन्ही गोळ्या एकच आहेत," डॉक्टर म्हणाले. "कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आत औषध एक. तिघांनी एकच तेल घातलंय, मिस्त्री. एकेकाचं काही चुकलं नाही. तुम्ही एकालाही दुसऱ्याचं सांगितलं नाहीत. का?"

"दुसरीकडे दाखवलंय म्हटल्यावर घेतलं नसतं कुणी."

टेलरला खोकला आला. तो खोकला मेव्हण्याच्या वतीने होता.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग रबरबँड काढल्याचा. मिस्त्रींनी डोळे उघडले. डॉक्टरांच्या हातात कडा मळलेलं जुनं कार्ड होतं. ते वाचायला लागले.

"अपेंडिक्स काढलं, मुलगी तिसरीत असताना. पेनिसिलिनने अंगावर पित्त. परक्या माणसासमोर प्रेशर चढतं, दहा मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजणे. आणि हे चौदा वर्षांपूर्वीचं. उपाशीपोटी काम केलं की चक्कर. गोळी नको. खाणं वेळेवर. पत्नीला सांगितलं आहे." त्यांनी मान वर केली. "आज सकाळी काय खाल्लं?"

"चहा."

"चहा खातात?"

तेव्हापासून बायको रोज दहा वाजता डबा घेऊन दुकानात यायची आणि तो रिकामा होईपर्यंत दारात उभी राहायची. तिला घरी काही काम नसतं, असा मिस्त्रींचा समज होता. एकदा ते तसं बोललेही होते.

रबरबँड निघाल्यामुळे मागचं दुसरं कार्डही टेबलावर आलं होतं. ते बायकोचं होतं. आठ महिने झाले तरी डॉक्टरांनी ते वेगळं केलं नव्हतं. मिस्त्रींना उलटं दिसत होतं, तरी शेवटच्या तीन ओळी वाचता आल्या. 'तपासणी सांगितली. सीझननंतर म्हणाल्या.' पुन्हा, महिन्याने, 'तपासणी सांगितली. सीझननंतर म्हणाल्या.' तिसरी ओळ तशीच.

शाळेच्या गणवेशांचा सीझन. गल्लीतली सगळी मशीनं एकदम बिघडण्याचे दिवस. "सीझन होऊ दे, मग जाऊ निवांत," असं मिस्त्रीच म्हणाले होते, मशीनमधून डोकं वर न काढता. कार्डावर ते लिहिलेलं नव्हतं. आणि मिस्त्रींनी आरोप केला त्या दिवशीही हे कार्ड याच ड्रॉवरमध्ये होतं. डॉक्टरांनी ते काढून बाकावरच्या माणसांना वाचून दाखवलं असतं, तर मिस्त्रींना तोंड लपवायला मागचा रस्ताही पुरला नसता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो—"

"जीभ काढा."

मिस्त्रींनी जीभ काढली. सव्वीस वर्षांची सवय. डॉक्टरांनी बॅटरी धरून जीभ बघितली, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. जीभ बाहेर असताना माणसाला माफी मागता येत नाही आणि नीट रडताही येत नाही. मिस्त्रींनी दोन्ही करून बघितलं.

"घ्या आत," डॉक्टर म्हणाले. "आता बोला."

"सीझनचं ती म्हणाली नव्हती. मी म्हणालो होतो."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "वहिनी 'ते म्हणतात' असंच म्हणायच्या. मी 'म्हणाल्या' लिहिलं. मलाही जरा ओरडून सांगता आलं असतं." त्यांनी दोन्ही कार्डं एकत्र केली आणि रबरबँड परत लावला.

मग चिठ्ठी लिहिली. मिस्त्रींना वाटलं होतं तशी ती नव्हती. 'चारही गोळ्या बंद. सोमवारी पुन्हा प्रेशर मोजायचं. सकाळी खाल्ल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. दर महिन्याला येऊन दाखवायचं. या अटी पाळल्यास दुकान चालवायला हरकत नाही.'

रविवारी मुलीने ती दोनदा वाचली. "चार आणणार होतात ना?"

"एकच मिळाली."

"पुरे आहे," ती म्हणाली आणि बॅगा तशाच रिकाम्या घेऊन गेली. जाताना एका बॅगेत मात्र तिने आईच्या दोन साड्या नेल्या. आणि आई दुकानात न्यायची तो डबा घासून, पुसून घरी ओट्यावर ठेवून गेली.

सोमवारी मिस्त्रींनी भरलेला डबा घेऊन दुकान उघडलं, तोच डॉक्टरांकडच्या कंपाउंडर बाई एक मशीन रिक्षातून घेऊन आल्या. डॉक्टरांच्या घरचं मशीन. झाकण नव्हतं, पट्टा दोरीने बांधलेला, स्क्रू एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि उरलेल्या स्क्रूंची डोकी झिजून सपाट झालेली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," बाई म्हणाल्या, "की तीन ठिकाणी उघडून झालंय, हे आधीच सांग. लपवू नको."

बाईंची नजर मिस्त्रींच्या डोक्यावरून भिंतीकडे गेली. मिस्त्रींना मागे बघायची गरज नव्हती. पाटी त्यांनीच रंगवली होती.

"ठेवा," ते म्हणाले, आणि डबा उघडला. "आधी दोन घास खाऊन घेतो."