सोळा तासांची रात्र

जळगावच्या डाळीच्या जैन व्यापाऱ्यांत सुरेशचंदांइतका पक्का चौविहार कुणाचा नव्हता. सूर्य बुडाला की अन्न बंद, पाणीही बंद, ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. बत्तीस वर्षांत एकदाही खाडा नाही, आणि हे ते न विचारता सांगत. त्यामुळे मुलाकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी व्हिसाच्याही आधी सूर्याचा प्रश्न काढला.

"साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास," ते शेजारच्या लीलाधरला सांगत होते. "म्हणजे जळगाव-धुळे सात मिनिटांत!"

"आमची एसटी अडीच तास खाते, शेठ," लीलाधर हळहळला.

"मुंबईहून रात्री एकला सुटायचं. सातला उजाडलं की खाकरा काढायचा. हाय काय आन् नाय काय!"

"मी आपली जळगावच्या घड्याळाप्रमाणे चालेन," पत्नी धनकुंवरबाई म्हणाल्या.

"घड्याळ बघून कसला चौविहार? सूर्य डोळ्यांनी दिसला पाहिजे!" सुरेशचंदांनी त्यांना चारचौघांत झापलं.

जानेवारीत विमान उडालं. घड्याळात सात वाजले, बाहेर काळोख. आठ वाजले, तरी काळोखच. "जळगावला उजाडलं," म्हणत धनकुंवरबाईंनी डबा उघडला आणि कुरकुर खाकरा चावायला लागल्या.

दहाला सुरेशचंदांनी हवाई सुंदरीला थांबवलं. "बेटा, सूर्य कुठं अडकलाय?"

"काका, आपण पश्चिमेला चाललोय ना. तो मागून येतोय, पण आपल्याला गाठत नाहीये. आता उतरल्यावरच उजाडेल."

सुरेशचंदांचं तोंड एवढंसं झालं. दुपारी एकला घशाला कोरड, पोटात कावळे, आणि बायकोचं दुपारचं जेवण अगदी कोपराशी.

"अहो, एक घास घ्या. मी कुणाला सांगणार नाही."

"बत्तीस वर्षं गं!" ते म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना रडायचंच बाकी होतं.

तिथल्या पहाटे साडेसहाला विमान उतरलं. पासपोर्टच्या रांगेत असताना काचेबाहेर एकदाचा सूर्य उगवला. नवकारशीच्या नेमाप्रमाणे त्यावर आणखी अठ्ठेचाळीस मिनिटं त्यांनी मोजून काढली आणि डबा उघडला. डबा रिकामा.

"जळगावला सूर्य बुडायला आला होता," धनकुंवरबाई म्हणाल्या. "संध्याकाळचं मघाशी रांगेतच उरकून घेतलं."

घरी पोचल्यावर सून विधीनं गरम पोहे पुढं ठेवले. सुरेशचंद तुटून पडले. भरल्या तोंडानं बायकोला म्हणाले, "तुला नाही चालायचे हां! जळगावला रात्र झाली!" बत्तीस वर्षांत इतका आनंद त्यांना क्वचितच झाला असेल.

धनकुंवरबाईंनी शांतपणे मनगटावरच्या घड्याळाचे काटे फिरवले आणि बशी ओढली. "आता इथं राहायचं, तर घड्याळही इथलंच."

सुरेशचंदांनी आपली बशी पुसून संपवली. मग ते हळूच म्हणाले, "परत जाताना ते घड्याळ जळगावचं करून मला दे."

"घ्या की," धनकुंवरबाई म्हणाल्या. "परतीचं विमान भर दुपारी सुटतं, तेव्हा जळगावला रात्रच असते. मी आपली खिडकीतला सूर्य बघेन."