मनी प्लांट आणि न मिळालेली माफी

साठी ओलांडेपर्यंत नंदकुमार परुळेकरांनी कोणाची टाचणीसुद्धा उचलली नव्हती. बसचा कंडक्टर तिकीट द्यायला विसरला, तर उतरण्यापूर्वी ते मागून घेत. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून ते दरवेळी निवडून येत ते याच एका गुणावर. दुसरा गुण अजून कोणाला सापडला नव्हता. आणि अशा माणसाला त्यांच्या बायकोने, शकुने, भर दुपारी हातात कात्री देऊन वरच्या मजल्यावर चोरी करायला पाठवलं.

कारण तसं गंभीर होतं. समोर टॉवर उभा राहिल्यापासून त्यांच्या घरात ऊन येईनासं झालं होतं. शकुची जास्वंद गेली, मोगरा गेला, तुळस तिने रडत रडत बहिणीकडे नेऊन दिली. रिकामी खिडकी बघवत नाही म्हणून ती हल्ली चहासुद्धा आतल्या खोलीत घ्यायची. सावलीत जगतो म्हणून नर्सरीतून मनी प्लांट आणला, तो पिवळा पडून गेला. दुसरा आणला, तोही गेला. नंदकुमार रोज सकाळी नेमाने तांब्याभर पाणी घालत होते, त्यामुळे काळजीत कसूर झाली असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

"विकतचा लागतच नाही हो," शकुने निदान केलं. "मनी प्लांट चोरूनच आणायचा असतो. सगळ्या जगाला माहितीये."

"मग जगाला चोरू दे. मी सेक्रेटरी आहे."

यावर शकुने फक्त एकदा खिडकीकडे बघितलं. नंदकुमारांनी निमूट कात्री घेतली.

वरच्या मजल्यावर जानकीवहिनींच्या दाराबाहेर, जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मनी प्लांट असा माजला होता की मागचं ग्रिल दिसत नव्हतं. नुसतं पान आणू नका, देठाची गाठ धरून कापा, अशी शकुची सक्त सूचना होती. नंदकुमारांनी गाठ शोधली, कात्री उघडली आणि सवयीने आधी बेल वाजवली.

जानकीवहिनींनी दार उघडलं, कात्री पाहिली आणि मोठ्या हौसेने हातभर वेल स्वतःच कापून दिला. वर डबाभर नाचणीचे लाडू दिले. शकुने लाडू ठेवून घेतले आणि वेल परत पाठवला, कारण दिलेला चालत नाही. तो परत करताना नंदकुमारांना "पानं जरा मोठी आहेत" असं आयुष्यातलं पहिलं खोटं बोलावं लागलं. एकदा खोटं बोलून झाल्यावर चोरी तेवढी अवघड राहिली नाही. दुसऱ्या दिवशी बेलकडे पाठ करून त्यांनी एक फांदी कापली, शर्टात खुपसली आणि खाली आणली.

फांदीला बाटलीतल्या पाण्यात पांढरी मुळं फुटली. ती कुंडीत गेली, कुंडी खिडकीत गेली. तोवर जानकीवहिनींनी सेक्रेटरींकडे तक्रारही केली होती की कोणीतरी वेल वेडावाकडा कापलाय. झाडं कापणाऱ्याची गय केली जाणार नाही, अशी सूचना नंदकुमारांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिली आणि येता-जाता तीच वाचत राहिले. घरात त्यांना त्या कुंडीकडे बघवेना. पाणी घालणं तर सोडाच, ते खिडकीवरून जाताना मान दुसरीकडे वळवत. शकुला आठवण झाली की ती घोटभर पाणी घाले. मनी प्लांट जोमाने वाढला, आणि शकुचा चहा पुन्हा खिडकीत आला.

शेवटी जेवण गोड लागेना, तेव्हा नंदकुमार वर गेले आणि कबुली देऊन मोकळे झाले. जानकीवहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"माफ केलं हो भावोजी. त्यात काय एवढं?"

ते हलके होऊन खाली आले, पण शकुने कपाळाला हात लावला. "माफ केलं? मग ती चोरी कुठे राहिली? वाट लावलीत तुम्ही." नंदकुमारांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताठ मानेने कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. संध्याकाळी आनंदाच्या भरात आणखी एक ओतला. तोच नेम पुढे चालू राहिला.

पंधरवड्यात पानं पिवळी पडू लागली. शकु कप घेऊन पुन्हा आत गेली आणि नवऱ्याशी बोलेनाशी झाली. नंदकुमार घाईघाईने वर गेले. "वहिनी, तुमची माफी आमच्या झाडाला लागली नाही."

जानकीवहिनी स्वतः खाली आल्या. त्यांनी मातीत बोट घातलं, ते चिखलाने भरून आलं. कुंडीखालची ताटली तुडुंब होती, शेजारी तांब्या भरून तयार होता. त्यांनी नंदकुमारांकडे पाहिलं, मग पदराने डोळे पुसणाऱ्या शकुकडे पाहिलं. खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. पण नुसतं सांगून नंदकुमारांनी एखादा नेम सोडल्याचं सोसायटीत कोणाच्याच ऐकिवात नव्हतं.

"भावोजी," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "माफी मी परत घेतली. चोर तो चोर. आजपासून तुम्ही या कुंडीला हात लावायचा नाही. माती सुकली की शकु घालेल पाणी."

नंदकुमारांचा चेहरा पडला आणि शकुचा उजळला.

आता वेल खिडकीच्या पार वरच्या गजापर्यंत गेलाय. शकु त्याच्याखाली बसून चहा घेते, बरेचदा जानकीवहिनीही असतात, आणि नंदकुमार आपला कप घेऊन आतल्या खोलीत बसतात. जिन्यात भेट झाली की वहिनी चारचौघांत विचारतात, "काय चोर, निघालात का बाजारात?" आणि ते खाली मान घालून "हो वहिनी" म्हणतात.

परवा मात्र घाईत वहिनींच्या तोंडून चुकून "भावोजी" गेलं. नंदकुमार अर्ध्या जिन्यातून परत फिरले आणि त्यांच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"वहिनी, राग आहे ना अजून?"

"भयंकर," जानकीवहिनी म्हणाल्या.

नंदकुमार समाधानाने पिशवी घेऊन बाजारात गेले.