साळवेमामांची निळी लोकर

साळवेमामांची बोटं बारमाही निळी असतात. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या गल्लीतली पोरं नीळ लावायला येतात, मामांचे हात बघतात आणि हिरमुसतात. "मामा, तुमी आधीच खेळून आलात व्हय?" मामा म्हणतात, "खेळून नाय रे. ही कालच्या ड्यूटीची हाय."

ड्यूटी म्हणजे आमच्या संभाजीनगरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. मी तिथं संशोधन करत होते आणि मामा तिथले सहायक. प्रथिनं काही नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती जेल नावाच्या लिबलिबीत पदार्थाच्या पातळ वडीत उतरवायची आणि वडी कूमासी नावाच्या निळ्या रंगात बुडवायची. मग अख्खी वडीच निळी होते. जादाचा रंग हळूहळू धुऊन काढला, की प्रथिनं असतील तिथं तेवढ्या निळ्या रेघा उरतात. हे धुणं म्हणजे मामांचं राज्य. हातमोजे घातले की वडीचा जीव कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. हातमोज्यांचा खोका ते कपाटाचं दार मिटू नये म्हणून लावून ठेवत.

सुटलेला रंग टिपायला आम्ही ट्रेमध्ये टिपकागद टाकायचो. मामा टाकायचे पांढऱ्या लोकरीचा धागा. "लोकर म्हंजी बी प्रथिनच की ताई. मोकाट फिरणारा रंग ती बरोब्बर ओढून घेती." आणि दर तासाला ट्रेमधलं पाणी बदलताना त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "दम धरा, निळं सुटतंय." नळाला पाणी आलं नाही, शेंद्र्याच्या रस्त्यावर बस अडकली, कॅन्टीनचा चहा लांबला, सगळ्याला तेच उत्तर. एकदा भर मीटिंगमध्ये प्राचार्यांच्या तोंडून ते निघून गेलं, आणि मग ते बराच वेळ खोकत राहिले.

निळी झालेली लोकर मामा कधी फेकत नसत. स्वच्छ धुऊन, ज्याची जेल त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून खिडकीत वाळत घालत. तिचं पुढं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गावच्या उकाड्यात लोकर जमवणारा माणूस जरा सटकलेलाच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी गंगापूरची, त्यामुळे संशोधनही कापसावर. पाणी तुटलं की कापसाचं झाड एक खास प्रथिन बनवतं, असा माझा दावा. तीन वर्षं झाली तरी त्याची रेघ काही दिसेना. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी निर्वाणीचं सांगितलं, "शुक्रवारी शेवटची जेल. नाही दिसलं तर विषय बंद." पानांच्या अर्काचेही शेवटचे थेंब उरले होते.

शुक्रवारी दुपारी बारा वाजले तरी वडी निळीशार. मी दर पाच मिनिटांनी ट्रे उचलून बघत होते. "सारखं बघू नका ताई, लाजती ती," मामा म्हणाले. माझा धीर सुटला. "फेकून द्या मामा," म्हटलं, आणि कॅन्टीनच्या कोपऱ्यात जाऊन हुंदके देऊन रडले.

चार वाजता बाहेर एकच आरडाओरडा झाला. मामा दोन्ही हातांत ट्रे धरून धावत येत होते. शिपाई, क्लार्क, मुलाच्या दाखल्यासाठी आलेले एक गृहस्थ, वाटेत दिसेल त्याला ट्रे दाखवत होते. "रेघ आली! गंगापूरच्या कापसाची रेघ आली!" त्या गृहस्थांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाकून बघितलं. पाणी तोडलेल्या झाडांच्या रांगेत एक बारीक, ठसठशीत निळी रेघ होती. पाणी दिलेल्यांच्या रांगेत त्या जागी काहीच नव्हतं. सरांनी ट्रे उजेडात धरला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या हंगामात पुन्हा करून दाखव. विषय चालू." मी नाचायचीच बाकी होते. एरवी अहोजाहो करणारे मामा ओरडले, "आधी फोटो काढ पोरी, फोटो!"

पदवी मिळाली त्या मे महिन्यात पेढे घेऊन मी छावणीतल्या त्यांच्या खोलीवर गेले. खाटेवर एक भलीमोठी निळी शाल पसरलेली होती. फिकट, गडद चौकोन एकाला एक जोडलेले, आणि प्रत्येकाला एका विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी. पहिले दोन चौकोन त्यांच्या बायकोनं विणले होते. ती गेल्यावर सुया मामांनी हातात घेतल्या. शेवटचा चौकोन अजून सुईवरच होता. चिठ्ठी माझ्या नावाची.

"पदवी हातात आल्याबिगर टाका बंद करायचा नाय, असा नियम हाय," म्हणत मामांनी माझ्यासमोर तो बंद केला.

"पण मामा, आपल्याकडं एवढ्या मोठ्या शालीची थंडी पडते कुठं?" मी चिडवलं.

मामांनी पेढा तोंडात टाकला. "घरी मी एकलाच असतो ताई. ही अंगावर घेतली की समदे माझ्यापाशी असतेत."

मामांनी ती शाल उचलली, झटकली आणि सत्काराला घालतात तशी माझ्या खांद्यांवर घातली. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा बंद होता. मी ती तासभर काढली नाही.